बंद घड्याळातली रात्र

तुळशीरामनं माझ्या घड्याळातलं चाक चोरलं नव्हतं. ते मी मोडलं होतं. ही दोन वाक्यं मी अकरा वर्षांपूर्वी भंडाऱ्याच्या बाजारात, सात-आठ माणसांच्या देखत बोलायला हवी होती. तेव्हा बोललो नाही. आता तुळशीराम नाही, आणि मी ती वर्तमानपत्राच्या या पुरवणीत लिहितो आहे. गेलेल्या मित्रावर लिहिताना त्याच्या गुणांपासून सुरुवात करतात. तो अधिकार मला नाही, म्हणून माझ्या चुकीपासून सुरुवात केली.

तो गेल्याचं मला शाळेतच कळलं. सहामाहीचे पेपर तपासत बसलो होतो. आमचा शिपाई कारध्याहून सायकलनं येतो. पाण्याचा गडू ठेवता ठेवता म्हणाला, "तो तुळशीराम घडीवाला सरला जी काल. कावीळ झाली होती म्हंते." मी "अरेरे" म्हणालो आणि पुढचा पेपर ओढला. त्या पेपरावर मी किती गुण दिले, ते दुसऱ्या दिवशी मला पुन्हा तपासून पाहावं लागलं. तुळशीरामनं घड्याळांचा धंदा सोडून नऊ वर्षं झाली होती, तरी गाव त्याला घडीवालाच म्हणत होतं.

आम्ही एका वर्गात होतो. त्याचं घर कारध्याला, वैनगंगेच्या पलीकडे. वडील नदीत मासे धरायचे आणि पहाटेच्या फेरीत त्याला डोंग्यातून अलीकडे सोडायचे, त्यामुळे शाळा उघडायच्या आधी तो पायरीवर येऊन बसलेला असायचा. मांडीवर फाटक्या जाळ्याचा एखादा तुकडा असायचा आणि बोटं चालू असायची. इतिहासाच्या तासालाही बाकाखाली त्याची बोटं चालत. मास्तरांनी एकदा पकडलं, तेव्हा पूर्ण वर्गासमोर जाळं उचलून धरलं आणि त्या गाठी पाहून स्वतःच गप्प झाले. मॅट्रिक त्याला झेपलं नाही. मी पुढं शिकून मास्तर झालो. तो नागपूरला इतवारीत एका घड्याळजीच्या हाताखाली चार वर्षं राहिला आणि परत येऊन इथल्या एका कापडदुकानाच्या ओसरीवर त्यानं आपलं टेबल मांडलं. उतरत्या काचेची पेटी, दोन चिमटे, डोळ्याला लावायचं भिंग, आणि उघडलेल्या घड्याळावर धूळ बसू नये म्हणून उपडे घातलेले काचेचे पेले. दुकानाचे शेठजी त्याची चेष्टा करत, "याले मासोळीचे काटे काढाची सवय हाय, म्हनून घडीचे काटे बराबर बसवते." तुळशीराम हसून मान हलवायचा.

माझ्या लग्नात सासऱ्यांनी मला तारखेचं घड्याळ दिलं. सासरे तुमसरचे, धानाच्या मिलवाले. त्या काळी चांगल्या घड्याळासाठी नंबर लावून थांबावं लागे, आणि त्यांनी नागपूरच्या दुकानात सात महिने आधीपासून नंबर लावून ठेवला होता, हे लग्नाच्या पंगतीत त्यांनी निदान सात जणांना सांगितलं असेल. स्टीलचं, अंगानं जाड, कानाशी धरलं की आत कुणी घाईघाईनं चालत असल्यासारखा आवाज. तीनच्या आकड्याच्या जागी छोटी खिडकी, तिच्यात वार आणि तारीख शेजारी शेजारी. वार हिंदीत, आणि रविवार तेवढा लाल. आजच्या मुलांना यात काय एवढं, असं वाटेल. वेळ तेव्हाही कुठंही मिळायची. शाळेची घंटा होती, मिलचा भोंगा होता, वरठीच्या स्टेशनावर थांबणाऱ्या गाड्या होत्या. तारीख मात्र घरच्या भिंतीवर टांगलेली असायची, आणि घराबाहेर पडलं की माणूस तारखेला पोरका व्हायचा. पोस्टात, बँकेत, कचेरीत अर्ज लिहिता लिहिता कुणीतरी मान वर करून विचारायचा, "आज कोनती तारीख हाय जी?" अशा वेळी बाही मागे सारून मनगट पुढं करणं... त्यात मला जो आनंद व्हायचा तो पगाराच्या दिवशीही होत नसे, हे कबूल करतो.

पण त्या घड्याळाची खरी गंमत मला तुळशीरामनं दाखवली. त्याचं म्हणणं असं की वेळ दाखवणारं घड्याळ नुसतं चालतं, पण तारखेचं घड्याळ वाट पाहतं. रात्री नऊ वाजता आतलं एक चाक तारखेच्या चकतीला हळूच बोट लावतं आणि तीन तास ढकलत राहतं. साडेदहा-अकराला पाहिलं तर जुनी तारीख खिडकीत थोडी खाली घसरलेली दिसते. बाराच्या सुमारास ती निघून जाते आणि नवी येऊन बसते. "आपन झोपून राहतो, अन् हे उद्याची तयारी करून ठेवते," तो म्हणायचा. त्याच्या स्वतःच्या मनगटावरही माझ्यासारखंच घड्याळ होतं. मी ते तयार होताना पाहिलं होतं. कुणीतरी विहिरीत पाडलेलं, गंजून टाकून दिलेलं घड्याळ त्यानं उचललं आणि दोन वर्षं एकेक तुकडा जमवत उभं केलं. तबकडीवर पाण्याचा डाग तसाच राहिला होता. नवी तारीख पहिल्यांदा खिडकीत आली त्या दिवशी तो टेबल सोडून माझ्या शाळेपर्यंत चालत आला होता, मला दाखवायला.

आणि त्याची एक तारीख. महिना तीसचा असला की त्यानंतरच्या एक तारखेला ही सगळी घड्याळं एकतीस दाखवत. सकाळपासून त्याच्या टेबलाशी माणसं उभी राहत आणि हात पुढं करत, बांगड्या भरायला आल्यासारखी. तो घड्याळ उतरवू देत नसे. मनगट आपल्या हातात घेऊन, चावी नखानं अर्धी ओढून एक घर पुढं सरकवायचा की माणूस मोकळा. वकील, भाजीवाले, तहसीलचे बाबू, सगळ्यांची मनगटं त्याच्या हातात येऊन जायची. एरवी त्याच्या हातचं पाणी पिताना विचार करणारेही त्या रांगेत असायचे. एक मार्चला तर तीन घरं सरकवायची असत, तेव्हा संध्याकाळपर्यंत गर्दी. "यंत्राले महिने समजत नाही गा मधू," तो मला म्हणायचा. "त्याले सारे महिने एकतीसचेच. वर्षातून पाच डाव मानसानं त्याले सांभाळून घ्या लागते."

एक गोष्ट मात्र तो प्रत्येकाला बजावायचा, आणि मला तर दहादा बजावली होती. "घडी बंद पडली असन त तारखेले हात लावाच्या पैले काटे फिरवून सहावर आन. बंद घडीत दिवस हाय का रात हाय, वरून समजत नाही. रातच्या नवापासून चाकाचा दात चकतीत अडकून असते. तवा जोर केला का दात गेलाच समज."

अकरा वर्षांपूर्वी मला मुदतीचा ताप आला. अंथरुणातून उठलो त्याच दिवशी तुमसरला मेहुण्याचा साखरपुडा होता आणि वरठीहून गाडी गाठायची होती. रिक्षा दारात उभी. कपाटातून घड्याळ काढलं. नऊ-दहा दिवस चावी नाही, बंद पडलेलं. काट्यांत अकराला दहा कमी. तारीख तेराची, आणि ती थोडी खाली घसरलेली... हे मी डोळ्यांनी पाहिलं. सकाळचे आठ वाजले होते, अंगणात लख्ख ऊन पडलं होतं, आणि घड्याळात रात्र होती. मला ते सुचलं नाही. चावी अर्धी ओढली, फिरवली. घट्ट लागली. बावीस तारीख आणायची होती, म्हणून आणखी जोर केला. कट् असा बारीक आवाज आला. त्यानंतर चावी नुसती फिरत राहिली आणि खिडकीत अर्धा तेरा, अर्धा चौदा तसाच राहिला. मी वेळ लावली, घड्याळ बांधलं आणि रिक्षात बसलो. रात्री आपोआप नीट होईल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

साखरपुड्यात देण्याघेण्याची याद लिहायला बसले तेव्हा कुणीतरी तारीख विचारली. सासरे उत्साहानं म्हणाले, "थांबा, जावईबापूच्या घडीत पाहू." माझा हात त्यांनीच धरून सगळ्यांपुढं केला. एका म्हाताऱ्यानं वाकून पाहिलं आणि म्हणाला, "का जी, आज साडेतेरा तारीख हाय का?" बैठक हसून लोटपोट झाली. सासरे हसले नाहीत. मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "कोनाच्या हातात देली होती घडी?"

"मधात तुळशीरामनं तेल टाकलं होतं." हे खरं होतं. पाच महिन्यांपूर्वी टाकलं होतं आणि त्यानंतर पाच महिने तारीख रोज बिनचूक बदलत होती.

"तवापासून असं हाय?"

मी म्हणालो, "हो... तेव्हापासूनच."

एवढंच. रागही नव्हता, वैर तर नव्हतंच. सात महिने नंबर लावून आणलेलं घड्याळ मी माझ्या हातानं मोडलं, हे त्या माणसाला सांगायची मला लाज वाटली. बस्स.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सासरे दोन ओळखीच्या माणसांना घेऊन भंडाऱ्याला आले आणि मलाही बरोबर चालवलं. ओसरीवर चढता चढताच त्यांचा आवाज लागला. "का रे, असली चाक काढून कोनाच्या घडीत टाकलं?" त्या काळी घड्याळजीवर हा संशय सगळ्यांचाच असे. किती तरी माणसं घड्याळ ठेवून जात नसत, समोर बसून दुरुस्त करून घेत. आवाज ऐकून रस्त्यावरचे चार जण थांबले. तुळशीराम म्हणाला, "काढू कायले जी? बसा. तुमच्याच समोर खोलतो."

त्यानं झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला, तेल टाकलं त्या दिवसाची तारीख त्यानं सुईनं कोरलेली होती. ही त्याची रीत. मग तबकडी उतरवून तो बराच वेळ पाहत राहिला. मान वर केली तेव्हा भिंग एका डोळ्याला तसंच होतं. दुसरा डोळा माझ्याकडं होता.

"गुरुजी," तो म्हणाला, "घडी बंद होती तवा तारीख कोनी सरकवली होती का?"

वीस वर्षांच्या ओळखीत त्यानं मला पहिल्यांदा गुरुजी म्हटलं. त्याला कळलं होतं. दाताचा मोड ताजा होता, आणि तो कशानं जातो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? मी हो म्हणावं म्हणून त्यानं मला जागा करून दिली होती. सासरे माझ्या शेजारी उभे होते. मी म्हणालो, "मी हात नाही लावला."

"बरं," तो म्हणाला.

मग त्यानं स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ सोडलं, उघडलं, आणि त्यातलं ते चाक चिमट्यानं उचलून माझ्या घड्याळात बसवलं. अर्धा तास लागला असेल. शेवटी त्यानं काटे फिरवून बारापाशी आणले, आणि खिडकीत नवी तारीख टपकन येऊन बसली. सासऱ्यांनी मांडीवर हात मारला. "पायलं? निघालं ना चाक! चोरीचं चाक मनगटावरच घालून बसला होता!" गर्दीतून कुणी म्हणालं, "मीबी म्हनो, ढिवराच्या पोराजवळ असली घडी आली कुठून!" माणसं हसली. ते घड्याळ कुठून आलं हे त्या ओसरीवर मला एकट्याला माहीत होतं. विहीर, गंज, दोन वर्षं. मी माझं घड्याळ मनगटावर बांधत उभा राहिलो. तुळशीरामनं आपलं उघडं घड्याळ पेल्याखाली झाकलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं पाहिलं. ते गिऱ्हाईक उठून गेलं होतं.

त्यानंतर एक तारखेची रांग बारीक होत गेली. जे येत ते स्वतःच चावी सरकवून घेत, मनगट त्याच्या हातात देत नसत. घड्याळ दुरुस्तीला टाकणारे भिंगापर्यंत डोकं नेऊन त्याच्या बोटांवर नजर ठेवत. दोन वर्षं त्यानं तशीही काढली. मग एका दिवाळीच्या आधी शेठजींनी सांगितलं, "तुळशीराम, तुह्यापायी माह्या दुकानाचं नाव खराब होऊन राहिलं." त्यानं टेबल उचललं आणि तो नदीवर परत गेला.

मी ते घड्याळ वापरायचं सोडलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. सोडलं असतं तर कुणीतरी कारण विचारलं असतं. ते त्याच्या चाकावर चालत राहिलं. तीसचा महिना सरला की एक तारखेला मी एकटाच घराच्या खिडकीशी उभा राहून चावी सरकवायचो, आणि दर वेळी आधी काटे सहावर आणायचो. दहा-वीस सेकंदांचं काम. त्या दहा-वीस सेकंदांत माझ्याशी बोलणारं कुणी नसायचं. बायकोला सांगावं असं अनेकदा वाटलं. पण ते तिच्या वडिलांपर्यंत गेलं असतं. मग सासरे गेले, आणि मला वाटलं, आता सांगून काय उपयोग? माणूस स्वतःला किती तऱ्हांनी सोडवून घेतो...

पुलावर तो कधी भेटायचा. डोक्यावर टोपली. "बरं हाय ना गुरुजी?" "बरं आहे." संपलं. मधू अशी हाक त्याच्या तोंडून मी परत ऐकली नाही, आणि त्या नावानं मला हाक मारणारं दुसरं कुणी उरलेलंही नव्हतं. एका वर्षी सगळं सांगायचंच, असं ठरवून मी दिवाळीनंतर कारध्याला भरणाऱ्या मंडईच्या जत्रेला गेलो. दंडारीचा नाच पाहणाऱ्या गर्दीत तो दिसला. भावकीतल्या माणसांच्या खांद्यावर हात टाकून मोठ्यानं हसत होता. मी म्हटलं, हा विसरला. विसरलेलं उकरून कशाला काढा? आणि परत फिरलो. पुलावरून येताना मला किती हलकं वाटलं होतं, ते आठवलं की आज शरम वाटते. त्याचं मनगट उघडं होतं, हेही मी त्याच गर्दीत पाहिलं होतं. आताशा सेलवरची घड्याळं निघाली आहेत. काहींना महिनेसुद्धा कळतात, एक तारखेला त्यांना माणूस लागत नाही.

तेरवीला जायचं धैर्य मला झालं नाही. ती झाल्यावर पाच-सहा दिवसांनी, उन्हं उतरताना गेलो. अंगणात बांबूवर जाळं वाळत होतं आणि त्याचा धाकटा भाऊ खाली बसून ते शिवत होता. तुळशीरामची बायको बाहेर आली. पूर्वी, आम्ही एकमेकांकडं जेवत होतो तेव्हा, ती मला भाऊजी म्हणायची. तिनं पाण्याचा गडू ठेवला आणि दाराच्या चौकटीला टेकून बसली.

"तुमी आले, लय बरं वाटलं गुरुजी," ती म्हणाली. "मले वाटे, तुमच्या मनात राग असन."

मी विचारलं, "राग? कशाचा?"

"त्या घडीचा जी." ती खाली पाहत होती. "मानूस वाईट नव्हता. एकडाव चुकला. लेकरं लहान होते, काय डोक्यात आलं असन त्याहिच्या. मी लय भांडली तवा. काहून केलं म्हनून इचारलं, त काहीच नाही बोलले. मी म्हनलं, दोस्ताच्या घडीतलं चोरून हातात घालून फिरता, लाज नाही वाटत? त्या दिवसापासून त्याहिनं हातात घडी घातलीच नाही." तिनं डोळे पुसले आणि माझ्यापुढं हात जोडले. "आता गेलेला मानूस हाय. त्याहिले माफ करून टाका गुरुजी."

जाळं शिवणाऱ्या भावाचे हात थांबले होते. अकरा वर्षं मी समजत होतो की निदान त्याच्या घरात तरी खरं काय ते माहीत असेल. ज्या एका दाराआड तुळशीराम चोर नसावा असं मी धरून चाललो होतो, त्या दाराआडही तो चोरच होता, आणि तसाच गेला. त्यानं माझं नाव बायकोलाही सांगितलं नव्हतं. का सांगितलं नाही, ते मला माहीत नाही. मैत्रीपायी म्हणावं तर मी त्या मैत्रीच्या लायक नव्हतो. सांगूनही तिला खरं वाटणार नाही असं त्याला वाटलं असेल, तर ते आणखी वाईट.

मी उठून तिच्यासमोर जमिनीवर बसलो. वर्गात बोलतो ती भाषा तोंडात येईना. लहानपणी पायरीवर बसून तुळशीरामशी बोलायचो, तीच आली.

"वहिनी, हात खाली करा. त्यानं चोरी नाही केली. घडी म्या मोडली. त्यानं दहादा सांगितलं होतं तरी घाईत मोडली, अन् माह्या सासऱ्याले खोटं सांगितलं. ते चाक त्याचं होतं, त्याच्या मेहनतीचं. त्यानं आपल्या घडीतून काढून मले देल्लं, अन् लोक त्याले चोर म्हनत होते तवा मी बाजूले मुका उभा होतो."

तिनं जोडलेले हात खाली केले. मग दिराकडं पाहून, जणू त्यालाच विचारावं तसं म्हणाली, "अकरा वर्ष... मी त्याहिले काय काय बोलली..."

"ते तुमी नाही बोलल्या, वहिनी. ते म्या बोलाले लावलं. त्याच्यासमोर जाऊन म्हना लागत होतं, ते तुमच्यासमोर म्हनतो. माह्यं चुकलं. तुळशीराम, माह्यं चुकलं. मले माफ कर."